मानव-अस्वल संघर्ष (भारत)

मानव-अस्वल संघर्ष म्हणजे रानटी अस्वल आणि माणूस यांची जंगलात, शेतात किंवा वस्तीलगत गाठ पडून दोघांपैकी एकाला वा दोघांनाही इजा होण्याचे प्रसंग होत. भारतात अस्वलांच्या चार जाती आढळतात. मध्य आणि दक्षिण भारतात मात्र असे प्रसंग मुख्यतः स्लॉथ अस्वल (शास्त्रीय नाव : मेलर्सस अर्सिनस) या एकाच जातीशी संबंधित असतात. मराठीत नुसते ‘अस्वल’ म्हटले की हीच जात अभिप्रेत असते.

वाळवी, मुंग्या, फळे, फुले व मध हा या अस्वलाचा मुख्य आहार आहे. माणूस हे त्याचे भक्ष्य नाही. तरीही अचानक जवळून गाठ पडल्यास ते अत्यंत आक्रमकपणे हल्ला करते आणि त्यात होणाऱ्या जखमा बहुधा डोक्याला व चेहऱ्याला होतात. अस्वलाच्या अंगी असलेले बळ वारूळ फोडण्याच्या कामातून आलेले आहे आणि त्याची आक्रमकता वाघासारख्या शत्रूपासून बचाव करण्यातून आलेली आहे, असे त्याच्या शरीररचनेवरून व वर्तनावरून दिसते. या दोन्हींचा फटका मोहफुले, तेंदूपत्ता, डिंक किंवा सरपण गोळा करण्यासाठी जंगलात जाणाऱ्या माणसांना प्रामुख्याने बसतो.

नाव व वर्गीकरण

संस्कृतमध्ये अस्वलाला ऋक्ष व भल्लूक अशी नावे आहेत. अमरकोशात यांच्यासोबत ‘अच्छभल्ल’ हाही शब्द येतो. मराठीतील ‘अस्वल’ या शब्दाचा संबंध याच शब्दाशी जोडला जातो. हिंदीतील ‘भालू’ हा शब्द भल्लूकपासून, तर ‘रीछ’ हा ऋक्षपासून आला आहे.

इ.स. १७९१ मध्ये जॉर्ज शॉ या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने या प्राण्याचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले. लांब नखे व समोरच्या दातांची उणीव पाहून त्याने त्याची गणना दक्षिण अमेरिकेतील ‘स्लॉथ’ या झाडावर लटकणाऱ्या मंद प्राण्याच्या वर्गात केली आणि त्याला ‘ब्रॅडिपस अर्सिनस’ असे नाव दिले. हा प्राणी अस्वलच आहे हे पुढे स्पष्ट झाले, परंतु ‘स्लॉथ बेअर’ हे इंग्रजी नाव टिकून राहिले. त्याचे शब्दशः भाषांतर करून काही ठिकाणी ‘आळशी अस्वल’ असा शब्दप्रयोग केला जातो. तो दिशाभूल करणारा आहे, कारण हा प्राणी आळशी नाही आणि मंदही नाही. ‘मेलर्सस’ या नावाचा अर्थ ‘मध-अस्वल’ असा होतो.

या जातीच्या दोन उपजाती मानल्या जातात. एक भारतीय उपखंडाच्या मुख्य भूमीवर, तर दुसरी श्रीलंकेत आढळते. नेपाळच्या तराई भागातही हे अस्वल आहे. बांगलादेशातून ते नामशेष झाले आहे.

शारीरिक सामर्थ्य

जगातील अस्वलांमध्ये हे मध्यम आकाराचे अस्वल आहे. पूर्ण वाढ झालेल्या नराचे वजन साधारणतः ८० ते १४५ किलो, तर मादीचे ५५ ते ९५ किलो असते. खांद्यापाशी उंची ६० ते ९० सेंटिमीटर असते. ध्रुवीय अस्वलाच्या नराचे वजन ३५० ते ७०० किलो भरते, हे लक्षात घेतल्यास स्लॉथ अस्वल त्यापुढे लहान वाटते. तथापि अस्वलाच्या बळाचा अंदाज केवळ वजनावरून करता येत नाही.

खांदे व पुढचे पाय : वाळवीचे जुने वारूळ उन्हाने तापून विटेसारखे टणक झालेले असते. ते फोडण्यासाठी माणसाला कुदळ किंवा पहार लागते. अस्वल तेच काम पुढच्या पंजांनी करते आणि एका रात्रीत अशी अनेक वारुळे धुंडाळते. या सततच्या खोदकामाला साजेसे त्याचे खांदे रुंद, मान जाड आणि पुढचे पाय आखूड व पीळदार असतात. आखूड पायांमुळे स्नायूंचा जोर पंजाच्या टोकाशी कमी न होता पोहोचतो.

नखे : पुढच्या पायांची नखे फिक्या हस्तिदंती रंगाची, किंचित वाकलेली व ७ ते १० सेंटिमीटर लांब असतात. मांजरकुळातील प्राण्यांप्रमाणे ती आत ओढून घेता येत नाहीत. खोदण्यामुळे त्यांची टोके बोथट होतात. वाघाचे नख धारदार असल्याने कापते. अस्वलाचे नख बोथट असल्याने कातडी व मांस फाडते. त्यामुळे जखमेच्या कडा वेड्यावाकड्या होतात आणि ती शिवणे कठीण जाते.

दात व जबडा : वरच्या जबड्यातील पटाशीचे मधले दोन दात या अस्वलाला नसतात. त्यामुळे त्याच्या दातांची संख्या ४० असते, इतर अस्वलांत ती ४२ असते. या फटीतून ते वाळवी व अळ्या जोराने तोंडात ओढून घेते. आधी फुंकर मारून माती उडवणे, मग नाकपुड्या मिटून ओठांचे नळकांडे करणे आणि कीटक शोषून घेणे अशी ही रीत आहे. त्याचा आवाज शंभर मीटरपलीकडेही ऐकू येतो. आहार कीटकांचा असला तरी त्याचे सुळे मोठे असून झुंजीत ते त्यांचा पुरेपूर वापर करते.

चाल : अस्वल माणसाप्रमाणे संपूर्ण तळपाय टेकून चालते. त्याची नेहमीची चाल सावकाश व डुलत्या स्वरूपाची असते, पण प्रसंग आला तर ते माणसापेक्षा वेगाने धावते. मधासाठी ते झाडावरही चढते.

ज्ञानेंद्रिये व स्वभाव

अस्वलाचे घ्राणेंद्रिय अतिशय तीक्ष्ण असते. जमिनीखालच्या अळ्यांचा व पिकलेल्या फळांचा माग ते वासाने काढते. त्या मानाने त्याची दृष्टी अधू असते. खोदताना व शोषून खाताना त्याचा स्वतःचाच आवाज इतका असतो की जवळ येणाऱ्या पावलांची चाहूल त्याला लागत नाही. वारा माणसाकडून अस्वलाकडे वाहत नसेल तर वासही पोहोचत नाही. अशा स्थितीत माणूस व अस्वल अगदी काही पावलांवर येईपर्यंत दोघांनाही एकमेकांचा पत्ता नसतो. बहुतेक हल्ल्यांचा आरंभ असाच होतो.

अस्वल प्रामुख्याने रात्री व संधिप्रकाशात वावरते. दिवसा ते गुहा, खडकांच्या कपारी किंवा घाणेरीच्या (टणटणीच्या) दाट जाळीत विश्रांती घेते. मादी बहुधा हिवाळ्यात गुहेत किंवा जमिनीतील बिळात एक किंवा दोन पिल्लांना जन्म देते, क्वचित तीन पिल्ले होतात. पिल्ले बाहेर पडू लागल्यावर कित्येक महिने आईच्या पाठीवर बसून हिंडतात. पाठीवरील लांब केसांना ती घट्ट धरून बसतात. पिल्लांना नित्यनेमाने पाठीवरून नेण्याची सवय अस्वलांच्या इतर जातींत दिसत नाही. पिल्ले सुमारे दोन ते अडीच वर्षे आईसोबत राहतात, म्हणून पिल्ले असलेली मादी वर्षाच्या कोणत्याही ऋतूत भेटू शकते.

वाघाशी सामना

वाघ हा प्रौढ अस्वलाचा प्रमुख नैसर्गिक शत्रू आहे. वाघाने अस्वल मारून खाल्ल्याच्या नोंदी आहेत, परंतु समोरासमोर गाठ पडली असता अनेकदा वाघच माघार घेतो. अशा वेळी अस्वल मागच्या पायांवर उभे राहते, छातीवरील पांढरट अर्धचंद्राकार पट्टा समोर येतो आणि ते मोठ्याने ओरडत थेट शत्रूच्या अंगावर जाते. २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात ‘मटकासुर’ या नावाने ओळखला जाणारा वाघ आणि पिल्लासह पाणवठ्याकडे आलेली अस्वलाची मादी यांच्यात झालेली झुंज पर्यटकांसमोर चित्रित झाली. वाघाने मादीला खाली पाडले, तरी तिने प्रतिकार सोडला नाही व शेवटी वाघाला मागे हटावे लागले.

पळून जाणे किंवा झाडावर चढणे हे उपाय वाघापुढे फारसे उपयोगी नाहीत. त्यामुळे ‘आधी चढाई करून शत्रूला बिचकवणे’ ही बचावाची रीत या अस्वलात रुजली, असे अभ्यासक मानतात. अचानक समोर आलेल्या माणसालाही अस्वल हाच न्याय लावते. शत्रू वाघ आहे की मोहफुले वेचणारी बाई, याचा निवाडा करण्याइतका अवधी त्याला मिळत नाही.

माणसाशी गाठ पडण्याची कारणे

समान आहार व समान वेळ : मोहाची फुले साधारणतः मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात. ती गोळा करण्यासाठी गावकरी उजाडण्यापूर्वी झाडाखाली पोहोचतात. अस्वलालाही ही गोड फुले प्रिय असून तेही याच वेळी तेथे येते. एकाच झाडाखाली, अंधारात, दोघांचेही लक्ष जमिनीकडे असताना गाठ पडते. त्यानंतर लगेच तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू होतो. याच काळात टेंभुर्णीची (तेंदूची) फळेही पिकतात. बोर, जांभूळ, उंबर, बेल व बहावा ही अस्वलाच्या आहारातील अन्य महत्त्वाची झाडे होत.

शेती : जंगलालगतच्या शेतातील मका, भुईमूग व ऊस या पिकांकडे तसेच फळबागांकडे अस्वल आकर्षित होते. रात्री पिकाची राखण करणारा किंवा सकाळी पाणी द्यायला जाणारा शेतकरी त्याच्या समोर येतो. पावसाळ्यात झाडोरा व पीक वाढल्याने पलीकडचे दिसत नाही आणि धोका वाढतो.

पाणी : उन्हाळ्यात जंगलातील पाणवठे आटले की अस्वले गावाजवळच्या विहिरी, नाले व शेततळ्यांकडे येतात. कठडा नसलेल्या विहिरीत पडून अस्वले मरण पावल्याच्या घटनाही घडतात.

अधिवासाची मोडतोड : खाणकाम, दगडखाणी, रस्ते व शेतीचा विस्तार यांमुळे अस्वलांचे जंगल तुकड्यांत विभागले गेले आहे. दगडखाणीत अस्वलाची गुहा नष्ट झाली की ते दिवसा लपण्यासाठी शेतालगतच्या जाळीचा आश्रय घेते. गावाशेजारी माजलेली घाणेरी त्याला अशी जागा आयतीच पुरवते.

हल्ल्याचे स्वरूप व परिणाम

हल्ल्यापूर्वी अस्वल बहुधा मोठ्याने ओरडते. ते चारही पायांवर धावत येते आणि जवळ पोहोचताच मागच्या पायांवर उभे राहून पंजे व दातांनी वार करते. उभे राहिल्यावर त्याचे तोंड माणसाच्या छाती-चेहऱ्याच्या पातळीला येते. हाताने अडवू पाहणाऱ्याच्या हातांना चावे बसतात. हल्ला काही सेकंदांत किंवा मोजक्या मिनिटांत संपतो. धोका टळला असे वाटताच अस्वल निघून जाते.

एप्रिल १९८९ ते मार्च १९९४ या पाच वर्षांत तत्कालीन मध्य प्रदेशात (आजच्या छत्तीसगडसह) अस्वलांच्या हल्ल्यांत ७३५ व्यक्ती बळी पडल्या. त्यांपैकी ४८ जणांचा मृत्यू झाला, म्हणजे शंभरांतील सुमारे ९३ माणसे वाचली. हे आकडे अस्वलाच्या हल्ल्याचे वैशिष्ट्य दाखवतात. मरणाचे प्रमाण तुलनेने कमी असते, पण वाचलेल्यांपैकी अनेकांच्या वाट्याला कायमचे व्यंग येते. डोळा जाणे, नाक किंवा गाल फाटणे, डोक्याची कातडी सोलली जाणे, जबड्याचे हाड मोडणे अशा जखमा होतात. चेहऱ्याच्या पुनर्रचनेसाठी अनेक शस्त्रक्रिया कराव्या लागतात आणि त्यांची सोय बहुधा दूरच्या शहरातच असते. हल्ल्याला बळी पडणारे बहुसंख्य लोक शेतमजूर, गुराखी व वनोपज गोळा करणारे आदिवासी असतात. कमावत्या माणसाची नजर किंवा हात गेला की त्या कुटुंबाचे उत्पन्न थांबते. चेहरा विद्रूप झाल्यामुळे लोकांत मिसळणे टाळणारे जखमीही असतात. मृत्यूंच्या आकड्यांत हे नुकसान दिसत नाही.

महाराष्ट्र व गोव्यातील स्थिती

महाराष्ट्रात विदर्भातील चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा, नागपूर, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांत अस्वले आढळतात. ताडोबा-अंधारी, मेळघाट, पेंच व नवेगाव-नागझिरा या व्याघ्र प्रकल्पांत त्यांचा वावर आहे. बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्य अस्वलांसाठी विशेष प्रसिद्ध आहे. कोरड्या, विरळ झाडीच्या या टेकड्यांच्या पायथ्याशी शेती लागूनच असल्याने तेथे माणसाशी गाठ पडण्याचे प्रसंग वारंवार येतात. सह्याद्रीत कोयना, चांदोली व राधानगरी परिसरात आणि गोव्यात म्हादई, भगवान महावीर व नेत्रावळी अभयारण्यांतही अस्वले आहेत. तेथील घनदाट जंगलामुळे ती क्वचितच दृष्टीस पडतात.

उल्लेखनीय प्रसंग

म्हैसूर संस्थानच्या जुन्या मुलखात अरसीकेरे परिसरात विसाव्या शतकात एका अस्वलाने घातलेला धुमाकूळ शिकारी लेखक केनेथ अँडरसन याने ‘मॅन-ईटर्स अँड जंगल किलर्स’ (१९५७) या पुस्तकात नोंदवला आहे. त्याच्या वृत्तांतानुसार या अस्वलाच्या हल्ल्यांत किमान १२ माणसे मृत्युमुखी पडली व सुमारे दोन डझन जखमी झाली. अखेर अँडरसनने ते अस्वल मारले. इतक्या माणसांवर एकाच अस्वलाने हल्ले करण्याचा हा प्रकार अपवादात्मक असून, सर्वसामान्य अस्वलाच्या वर्तनाचा नमुना म्हणून त्याकडे पाहता येत नाही.

भारतातील इतर अस्वले

हिमालयी काळे अस्वल काश्मीरपासून अरुणाचल प्रदेशापर्यंतच्या पर्वतीय जंगलांत राहते. काश्मीर, हिमाचल प्रदेश व उत्तराखंडात मका व फळबागांच्या हंगामात त्याचे हल्ले होतात. हिमालयी तपकिरी अस्वल वृक्षरेषेच्या वरच्या कुरणांत असते व मेंढपाळांच्या कळपांना उपद्रव देते. ईशान्य भारतातील सूर्य अस्वल हे जगातील सर्वांत लहान अस्वल असून त्याचा माणसाशी संबंध क्वचितच येतो. थंड प्रदेशातील काळे व तपकिरी अस्वल हिवाळ्यात दीर्घकाळ गुहेत निद्रिस्त असते. स्लॉथ अस्वल अशी हिवाळी झोप घेत नाही. त्यामुळे त्याच्या मुलखात वर्षभर सावधगिरी बाळगावी लागते.

लोकसमजुती व वस्तुस्थिती

‘अस्वल गुदगुल्या करून माणसाला मारते’ : ही समजूत महाराष्ट्रात जुनी आहे व ‘अस्वलाच्या गुदगुल्या’ हा वाक्प्रचार तीवरूनच रूढ झाला आहे. प्रत्यक्षात अस्वल गुदगुल्या करत नाही. पंजांनी छाती व बगलेकडे केलेले वार पाहून ही कल्पना निर्माण झाली असावी.

‘अस्वल मेलेल्या माणसाला शिवत नाही’ : दोन मित्र व अस्वल यांची इसापची गोष्ट शालेय वाचनामुळे घरोघरी पोहोचली आहे. तीत श्वास रोखून पडलेल्या मित्राला अस्वल हुंगून निघून जाते. मेल्याचे सोंग अस्वलाला फसवते म्हणून माणूस वाचतो, असे यात सूचित होते. ते बरोबर नाही, कारण अस्वल प्रसंगी मृत प्राण्याचे मांसही खाते. निश्चल पडलेला माणूस धोकादायक वाटत नाही, म्हणून अस्वल हल्ला थांबवण्याचा संभव असतो. मात्र गोष्टीतल्याप्रमाणे उताणे पडल्यास चेहरा व पोट उघडे राहते. पालथे पडणेच योग्य ठरते.

‘अस्वलाला उतारावर पळता येत नाही’ : डोळ्यांवर केस येत असल्याने अस्वल उतारावर अडखळते, असे सांगितले जाते. त्यात तथ्य नाही. चढ, उतार व सपाटी या तिन्ही ठिकाणी ते माणसाला गाठू शकते.

‘अस्वलाच्या केसांचा ताईत’ : मुलांची भीती जावी म्हणून अस्वलाचे केस ताइतात घालून बांधण्याची किंवा मुलाला अस्वलाच्या पाठीवर बसवण्याची प्रथा पूर्वी होती. या समजुतीला कोणताही आधार नाही. शिवाय अस्वलाचे केस, नखे वा अन्य अवयव बाळगणे हा कायद्याने गुन्हा आहे.

सावधगिरीचे उपाय

अस्वलाला माणसाची चाहूल आधीच लागली तर ते बहुधा बाजूला होते. म्हणून बचावाचे बहुतेक उपाय चाहूल देण्याशी निगडित आहेत.

जंगलात जाताना :
– एकट्याने न जाता गटाने जावे. मोठ्याने बोलत राहावे किंवा घंटा, घुंगरू बांधलेली काठी आपटत चालावे.
– मोहफुले वेचण्यासाठी शक्यतो उजाडल्यानंतर जावे. अंधारात जावेच लागल्यास विजेरी सोबत ठेवावी आणि झाडाखाली जाण्यापूर्वी दुरूनच आवाज करावा.
– दाट घाणेरी, खडकांच्या कपारी व ताजी खोदलेली वारुळे यांच्याजवळ जाऊ नये. फुंकरण्याचा व शोषण्याचा आवाज आल्यास आल्या वाटेने परतावे.
– कानाला हेडफोन लावून जंगलालगतच्या वाटेने चालू नये.
– गुहेत किंवा जाळीत पिल्ले दिसल्यास त्यांना हात लावू नये. आई जवळच असते.

अस्वल दिसल्यास :
– अंतर असेल तर धावपळ न करता, अस्वलाकडे लक्ष ठेवून हळूहळू मागे सरकावे. त्याची पळवाट अडवू नये.
– छायाचित्र घेण्यासाठी जवळ जाऊ नये, दगड मारू नये व जमावाने पाठलाग करू नये. घेरलेले अस्वल समोर येईल त्याच्यावर झेप घेते.
– अस्वल अंगावर आलेच आणि माणूस एकटा असेल तर पालथे पडून चेहरा जमिनीकडे करावा, दोन्ही हातांची बोटे मानेमागे गुंफावीत आणि ते निघून जाईपर्यंत हालचाल करू नये. सोबत्यांनी एकत्र राहून आरडाओरडा करावा व काठ्या आपटून त्याला हुसकावावे.

उत्तर अमेरिकेतील काळ्या अस्वलाबाबत दिला जाणारा ‘उलट प्रतिकार करा’ हा सल्ला स्लॉथ अस्वलाला सरसकट लागू होत नाही. ते अस्वल भित्रे असून संकटात झाडावर चढते. स्लॉथ अस्वल संकटात चाल करून येते.

हल्ल्यानंतर : रक्तस्राव स्वच्छ कापडाने दाबून थांबवावा, जखम भरपूर पाण्याने व साबणाने धुवावी आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे. धनुर्वात व रेबीज या दोहोंची प्रतिबंधक लस घेणे आवश्यक असते. त्याचबरोबर वनविभागास तातडीने कळवावे. शासकीय अर्थसाहाय्यासाठी वनविभागाचा पंचनामा व वैद्यकीय प्रमाणपत्र महत्त्वाचे असते.

कायदा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये स्लॉथ अस्वल पहिल्या अनुसूचीत असून त्याची शिकार, पकडणे व अवयवांचा व्यापार यांवर बंदी आहे. मानवी जीवितास धोकादायक ठरलेले किंवा बरे न होण्याइतके जखमी वा रोगग्रस्त झालेले अस्वल मारण्याची परवानगी केवळ राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक लेखी कारणे नोंदवून देऊ शकतात. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जीवाचे रक्षण करताना सद्भावनेने प्राणी मारला गेला तर तो गुन्हा ठरत नाही. मात्र मृत प्राणी शासनाची मालमत्ता असतो. महाराष्ट्रात अस्वलाच्या हल्ल्यात मृत्यू, अपंगत्व वा इजा झाल्यास शासनाकडून अर्थसाहाय्य मिळते.

अस्वलांचे खेळ

वेसण घातलेले अस्वल डमरूच्या तालावर नाचवणारे दरवेशी महाराष्ट्रातील गावोगावी फिरत असत. उत्तर भारतात हा व्यवसाय कलंदर समाजाकडे होता. त्यासाठी जंगलातून पिल्ले पकडली जात व आईला बहुधा ठार केले जाई. पिल्लाच्या नाकात तापलेल्या सुईने भोक पाडून दोरी ओवली जाई आणि दात व नखे काढली जात. अनेक पिढ्यांनी अस्वल पाहिले ते अशा बळ काढून घेतलेल्या स्वरूपात. रानटी अस्वल गरीब किंवा हास्यास्पद असते हा भ्रम त्यातूनच पसरला.

वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेने वनविभागांच्या साहाय्याने सहाशेहून अधिक अस्वलांची सुटका करून त्यांना आग्रा व अन्य ठिकाणच्या केंद्रांत ठेवले. त्याचबरोबर कलंदर कुटुंबांना पर्यायी उपजीविकेसाठी मदत आणि मुलांना शिक्षण देण्यात आले. डिसेंबर २००९ मध्ये शेवटचे नाचवले जाणारे अस्वल ताब्यात आल्यावर भारतातील ही प्रथा संपल्याचे जाहीर झाले.

संवर्धन

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत स्लॉथ अस्वल ‘असुरक्षित’ या वर्गात आहे. जगातील त्यांची संख्या २०,००० पेक्षा कमी असल्याचा अंदाज आहे. कर्नाटकातील दरोजी (स्थापना १९९४) आणि गुजरातमधील जेसोर ही अभयारण्ये मुख्यत्वे अस्वलांसाठी राखलेली आहेत. अस्वलांचा बराच मोठा भाग मात्र संरक्षित क्षेत्रांच्या बाहेर, गावांच्या सान्निध्यात राहतो. त्यामुळे त्यांचे भवितव्य या गावांच्या सहनशीलतेवर अवलंबून आहे. हल्ल्यानंतर संतप्त जमावाने अस्वलाला ठार मारण्याच्या घटना घडतात, तर कधी रानडुकरांसाठी लावलेल्या फासात किंवा विजेच्या तारेत अडकून अस्वल मरते.

वस्तीलगतची घाणेरी काढणे, विहिरींना कठडे बांधणे, जंगलात पाणवठे राखणे, गुहांच्या टेकड्यांवर दगडखाणींना परवानगी न देणे, घरोघरी शौचालय व गॅस उपलब्ध करून पहाटेचे व सरपणासाठीचे जंगलात जाणे कमी करणे आणि जखमींना त्वरित उपचार व अर्थसाहाय्य मिळवून देणे, हे उपाय माणूस व अस्वल या दोघांच्याही हिताचे ठरतात.

पुराणे व साहित्य

रामायणातील ऋक्षराज जांबवान हा बळाबरोबरच शहाणपणासाठी ओळखला जातो. समुद्र उल्लंघण्यापूर्वी हनुमंताला त्याच्या विसरलेल्या शक्तीची आठवण तोच करून देतो. भागवत पुराणात स्यमंतक मण्यासाठी त्याचे श्रीकृष्णाशी गुहेत अठ्ठावीस दिवस युद्ध झाल्याची कथा आहे. रुडयार्ड किपलिंगच्या ‘द जंगल बुक’ (१८९४) मधील बल्लू हे पात्र मोगलीचा शिक्षक म्हणून जगभर परिचित झाले. त्याचे मूळ नाव ‘बालू’ हे ‘भालू’ या हिंदी शब्दावरून आले आहे.